‘एल्स कंपल्सरी आहे का?’ एवढेच विचारून कसे चालेल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सी, पायथन किंवा जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषांचे कुठलेही जर्नल (प्रॅक्टिकलची वही) उघडा, ‘इफ-एल्स’च्या (‘जर असे असेल तर हे कर, नाहीतर ते कर’) धड्याखाली तेच ते प्रोग्राम सापडतात. तीन आकड्यांतला मोठा आकडा काढा. संख्या सम की विषम ते सांगा. दिलेले वर्ष लीप आहे का बघा. मुले ते सीनियरच्या जर्नलमधून उतरवतात, सीनियरने ते त्याच्या सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेले असतात. प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) येतात आणि विचारतात, ‘इफचा सिंटॅक्स (लिहिण्याची रीत) सांगा. एल्स कंपल्सरी आहे का?’ ‘नाही सर.’ सही, मार्क, पुढचा रोल नंबर.

मला त्या ‘नाही सर’बद्दल लिहायचे आहे. उत्तर बरोबरच आहे. एल्स लिहिला नाही म्हणून कुठलाही कंपायलर (आपला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारा) हटकत नाही. पण माझी सारी नोकरी कऱ्हाडकडच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात ऊसबिलाचे प्रोग्राम लिहिण्यात गेली. कोबॉल ही प्रोग्रामिंगची जुनी भाषा शिकून आले आणि पुढे फॉक्सप्रो या दुसऱ्या भाषेत रमले. त्या खात्यात जी भांडणे झाली त्यातली निम्मीअधिक एल्समुळे झाली. कुठे तो लिहिलेलाच नव्हता, कुठे विचार न करता लिहिला होता.

निवृत्तीनंतर गल्लीतली बारावीची आणि डिप्लोमाची मुले माझ्याकडे येतात. त्यांना मी तीन आकड्यांऐवजी एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) देते. ऊसपट्ट्यातली पोरे आहेत, घरातल्या बिलावर हा शब्द त्यांनी वाचलेला असतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला दर असा: साखर उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) १०.२५ टक्के असेल तर क्विंटलला ३५५ रुपये. उतारा त्याच्या वर गेला तर दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त. खाली आला तर त्याच हिशेबाने कमी. मात्र कारखान्याचा उतारा ९.५ च्या खाली गेला तर आणखी कपात करायची नाही, शेतकऱ्याला ३२९ रुपये ५ पैसे द्यायचेच. (तोडणी-वाहतूक त्यातून कापली जाते, तो विषय वेगळ्या पत्राचा.) चारच वाक्ये आहेत. लिहा म्हणते प्रोग्राम.

बहुतेक जण लिहितात ते एकसारखेच. उतारा १०.२५ पेक्षा जास्त असेल तर वाढवा. एल्स इफ, १०.२५ पेक्षा कमी असेल तर कमी करा. एल्स इफ, ९.५ पेक्षा कमी असेल तर ३२९.०५. एल्स, ३५५. वाचताना काहीच खटकत नाही, कारण नियम सांगताना आपणही याच क्रमाने सांगतो. प्रोग्राम कंपाइल होतो. ११ टाकले, बरोबर. १० टाकले, बरोबर. १०.२५ टाकले, तेही बरोबर. मुलगा वही मिटायला लागतो. मग मी म्हणते, आता ९ टाक.

९ टाकल्यावर ३११ रुपये ७५ पैसे येतात. कारण ९ हा आकडा १०.२५ पेक्षाही कमीच आहे. दुसरी अट खरी ठरली, तिथला हिशेब झाला आणि प्रोग्राम बाहेर पडला. ९.५ ची अट कागदावर आहे, पण तिथपर्यंत कुठलाही उतारा कधीच पोचणार नाही. क्विंटलला १७ रुपये ३० पैसे कमी, म्हणजे टनाला १७३. पन्नास टन ऊस घातलेल्या माणसाचे ८,६५० रुपये गेले आणि स्क्रीनवर एरर म्हणून एक अक्षर नाही. अटी बरोबर, आकडे बरोबर, चुकला तो फक्त क्रम. ९.५ ची अट वर घेतली की सगळे सुरळीत. हे मुलाच्या डोक्यात एकदा बसले की पुन्हा सांगावे लागत नाही, कारण त्याने मनातल्या मनात घरच्या टनांना गुणून पाहिलेले असते.

हुशार पोरे पुढचा प्रश्न स्वतःच काढतात. ‘काकू, ९.५ ला नुसते < लावायचे की <= ?’ इथे कसेही लावले तरी चालते, आणि का चालते हे त्यांना करून बघायला लावते. १०.२५ मधून ९.५ गेले, राहिले ०.७५. साडेसात वेळा ३.४६ म्हणजे २५.९५. ३५५ मधून ते वजा केले की ३२९.०५. दोन्ही वाटांनी आकडा एकच येतो, म्हणजे आदेश काढणाऱ्याने जोड नीट बसवला आहे. ज्या सीमेवर दर असा अलगद जुळतो, तिथे बरोबरीचे चिन्ह राहिले तरी बिघडत नाही.

जिथे दर उडी मारतो तिथे मात्र त्या एका चिन्हावर सारे असते. प्राप्तिकराचेच घ्या. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर नाही असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात टप्प्यांनी हिशेब केला तर १२ लाखांवर ६० हजार कर निघतो (४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १० टक्के) आणि कलम ८७ अ ची सूट तो पुसून टाकते. आता उत्पन्न बरोबर १२ लाख असेल तर? अट <= अशी हवी, नुसते < लिहिले तर त्या माणसाच्या गळ्यात ६० हजार पडतील. आणि १२ लाख १० हजार असेल तर? टप्प्यांचा हिशेब ६१,५०० सांगतो. दहा हजार जास्त कमावले म्हणून साडेएकसष्ट हजार भरायचे, असा कायदा कुणी मानला नसता. म्हणून तिथे आणखी एक अट आहे: कर हा १२ लाखांवरच्या रकमेपेक्षा जास्त घ्यायचा नाही. मग दहा हजारच (सेस वेगळा). ही अट साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत पुरते, पुढे नेहमीचा हिशेब सुरू. ज्या मुलाने हे इफ-एल्समध्ये एकदा मांडून पाहिले, त्याला ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ या बातमीच्या मथळ्यात काय काय राहून गेले ते कुणी समजावून द्यावे लागत नाही.

दशांशाची एक गंमत ओघात सांगते, कारण मार्क जातात. पायथनमध्ये विचारा की १०.३५ वजा १०.२५ हे ०.१ पेक्षा मोठे किंवा समान आहे का. उत्तर येते, नाही. संगणक आत द्विमान पद्धतीने आकडे ठेवतो, त्यात १०.३५ नेमका मावत नाही, किंचित कमी साठवला जातो. त्यामुळे वजाबाकी ०.१ ला केसभर खाली राहते आणि अट खोटी ठरते. क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे गायब. उपाय सोपा आहे. उतारा शंभराने गुणून पूर्णांकात ठेवा, १०३५ आणि १०२५, मग तुलना करा. पैशांचा हिशेब करणारा कुठलाही जुना माणूस रुपयांऐवजी पैशांत बेरीज करतो तो याचसाठी.

आता एल्सकडे येते. ऊसनोंदीत लागण कोणत्या हंगामाची ते लिहावे लागते: आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेले पीक). आमच्याकडे त्यांना १ ते ४ असे कोड होते. माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेला एक प्रोग्राम पहिले तीन कोड तपासायचा आणि एल्समध्ये खोडवा धरायचा. तीन नाहीत म्हणजे चौथाच असणार, वरवर शहाणपणाचेच वाटते. पण गट ऑफिसातून स्लिपा यायच्या त्यात कधी कोड लिहायचा राहिलेला, कधी ७ पडलेला, कधी चिखलाच्या बोटाने पुसलेला. ते सगळे निमूटपणे खोडव्यात जमा. गोषवाऱ्यात खोडव्याचे क्षेत्र फुगलेले दिसे आणि शेतकी अधिकारी म्हणत, यंदा लोकांनी खोडवा जास्त ठेवलेला दिसतो.

फॉक्सप्रोत एकेक पर्याय तपासणारी ‘डू केस’ म्हणून रचना होती, तिच्या शेवटी एल्ससारखे ‘ऑदरवाइज’ यायचे. मी चारही कोडांना स्वतंत्र केस दिली आणि ऑदरवाइजमध्ये हिशेब काहीच केला नाही, फक्त ती नोंद वेगळ्या यादीत छापली. डॉट मॅट्रिक्सवर खरखर करत ती यादी निघाली की शेतकी विभागात कपाळाला आठ्या पडायच्या. ‘मॅडम, तुमचा कॉम्प्युटर फार प्रश्न विचारतो,’ असे एक गट अधिकारी तोंडावर म्हणाले होते. विचारू दे की! बिल निघाल्यावर शेतकऱ्याने दारात येऊन विचारण्यापेक्षा बरे. मुलांना मी हेच सांगते: जेवढे पर्याय ठाऊक आहेत तेवढे नावाने तपासा, आणि एल्समध्ये ठाऊक नसलेलेच येऊ द्या.

कुणी म्हणेल, ही साखर कारखान्यातली जुनी गाऱ्हाणी, मोठ्या कंपन्यांत असे होत नाही. ३१ डिसेंबर २००८ ला मायक्रोसॉफ्टचे ‘झून ३०’ हे गाणी ऐकायचे यंत्र ज्यांच्या हातात होते त्यांना विचारा. त्या दिवशी ती यंत्रे एकदम गोठली, बटणाला दाद देईनात. आतल्या घड्याळाचा प्रोग्राम १९८० पासूनचे दिवस मोजून वर्ष काढत असे. दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोवर फिरत राहा. वर्ष लीप असेल आणि दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तर ३६६ वजा करा व वर्ष एकने वाढवा. वर्ष लीप नसेल तर ३६५ वजा करा. आता २००८ लीप, आणि ३१ डिसेंबर हा त्याचा ३६६ वा दिवस. ३६६ हा ३६५ पेक्षा जास्त आहे म्हणून फेरा थांबत नाही, आणि ३६६ पेक्षा जास्त नाही म्हणून वजाही काही होत नाही. आतल्या इफला एल्स नव्हता. ‘बरोबर ३६६ असतील तर काय’ हे कुणी लिहिलेच नव्हते. यंत्र त्या ओळींत दिवसभर गरगरत राहिले. कंपनीने लोकांना सांगितलेला उपाय असा की बॅटरी उतरू द्या आणि १ जानेवारीला पुन्हा सुरू करा.

हाच तो लीप वर्षाचा प्रोग्राम, जो आपली मुले दरवर्षी जर्नलमध्ये उतरवतात! चारने भाग जातो, शंभरने जात नाही, किंवा चारशेने जातो. २००० लीप, १९०० नाही. पाठ असते सगळे. पण त्या वर्षाचा शेवटचा दिवस टाकून बघ, असे आजवर कुठल्या एक्स्टर्नलने म्हटल्याचे माझ्या कानावर नाही.

इफचा अंमल कुठे संपतो हेही तसेच राहून जाते. कोबॉलच्या जुन्या आवृत्त्यांत इफ संपायचा पूर्णविरामाने. तो टिंब छापताना सुटला की पुढची सगळी वाक्ये त्या अटीखाली जायची. १९८५ च्या प्रमाणीकरणात ‘एंड-इफ’ आले तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. सी भाषेत महिरपी कंस आहेत, पण ओळ एकच असेल तर ते नाही लिहिले तरी चालते, आणि पुस्तके तसेच शिकवतात. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपलला आयफोनसाठी घाईने दुरुस्ती पाठवावी लागली. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या भागात इफखाली ‘गोटू फेल’ (थेट ‘फेल’ नावाच्या जागी उडी घे) ही ओळ चुकून दोनदा पडली होती. पहिली अटीखाली, दुसरी मोकळी, कारण कंस नव्हते. त्यामुळे अट खोटी ठरली तरी दुसरी ओळ चालायचीच आणि पुढची सहीची तपासणी टाळून ‘सगळे ठीक’ असा निरोप परत जायचा. कंस घातले असते तर दुसऱ्या ओळीने काडीचेही नुकसान झाले नसते.

गोटूवरून आठवले. गोटू वापरू नका असे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी जगाला १९६८ मध्ये सांगितले ते संगणकशास्त्राच्या एका मासिकात, आणि तेही संपादकांना लिहिलेल्या पत्राच्या रूपात. मजकूर लवकर छापून यावा म्हणून त्याचे पत्र केले आणि मथळाही बदलला तो त्या वेळचे संपादक निकलाउस विर्ट यांनी. तेव्हा संपादक महोदय, माझ्या पत्राचा मथळा आपण बदलला तर माझी हरकत नाही.

ही मुले पुढे कुठे जातात? बरीचशी पुण्याला, आणि त्यातली काही सरकारी आणि निमसरकारी पोर्टले लिहिणाऱ्या कंपन्यांत. गेल्या वर्षी शेजारच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलो होतो. सगळे भरून झाल्यावर लाल अक्षरांत एकच वाक्य आले, ‘आपण या योजनेसाठी पात्र नाही.’ का नाही? उत्पन्नाची मर्यादा, जातीचा दाखला, रहिवास, आधीच्या वर्षाचे गुण, हजेरी, एवढ्या अटी होत्या. कोणती मोडली ते प्रोग्रामला ठाऊक होते, तपासल्याशिवाय का तो बोलला? पण सगळ्या अटी ‘आणि’ने एका ओळीत गुंफून शेवटी एकच एल्स ठेवला की कारण तिथेच गाडले जाते. मुलीचे वडील तीन कचेऱ्या फिरले. शेवटी निघाले ते इतकेच की उत्पन्नाच्या दाखल्याचे आर्थिक वर्ष चुकीचे निवडले गेले होते. प्रत्येक अट वेगळी तपासून तिच्या एल्समध्ये एक ओळ छापली असती, ‘दाखल्याचे वर्ष पाहा’, तर काम घरबसल्या झाले असते. लिहिणाऱ्याला पाच ओळी जास्त टंकाव्या लागल्या असत्या इतकेच. त्याला त्या कधी कुणी लिहायला लावल्या नाहीत, त्याच्या जर्नलवर लाल शाईने ‘नाहीतर काय?’ असे कुणी कधी लिहिले नाही.

आता मुलांच्या हातात फोन आहे आणि फोनला सांगितले की तो अख्खा प्रोग्राम लिहून देतो. मला त्याचे वाईट वाटत नाही. तीन आकड्यांतला मोठा आकडा काढायला माणसाचे डोके खर्ची पडू नये. पण मग परीक्षेत उरलेली गोष्ट तरी विचारा. समोरचा प्रोग्राम, त्याचा असो की फोनचा, कोणत्या आकड्याला तोंडावर पडेल ते सांग म्हणावे. गुण ३५ किंवा जास्त असतील तर पास, हे सगळ्यांना येते. ३४, ३५ आणि ३६ टाकून दाखव. उणे ५ टाकून दाखव. १३५ टाक, तोही पास होतो का बघ. ७५ च्या वर विशेष प्रावीण्य ही अट ३५ च्या खाली लिहिली असेल तर ९० वाल्याला काय मिळते ते वाच मोठ्याने.

माझी मागणी फार मोठी नाही. अभ्यासक्रम बदला, पुस्तके बदला असे मी म्हणत नाही, त्याला समित्या लागतात. इफच्या प्रत्येक प्रॅक्टिकलखाली जर्नलमध्ये एक कोष्टक सक्तीचे करावे: कोणता आकडा टाकला, काय यायला हवे होते, काय आले. त्यात सीमेवरचा एक, सीमेच्या अलीकडचा एक, पलीकडचा एक आणि अगदी वेडावाकडा एक आकडा असलाच पाहिजे. आणि एक्स्टर्नलनी सिंटॅक्स विचारणे बंद करून त्या कोष्टकातली एक ओळ झाकून उत्तर विचारावे. दोन मिनिटांचे काम आहे. उतरवलेले जर्नल कोणते आणि केलेले कोणते, हेही त्यात उघडे पडते.

नमुन्यादाखल एक प्रश्न देऊन ठेवते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १४ दिवसांपुढच्या काळाला वार्षिक १५ टक्के दराने व्याज. दोन तारखा घेऊन व्याज काढणारा प्रोग्राम लिहा. चौदाव्या दिवशी पैसे दिले तर किती व्याज? पंधराव्या दिवशी? निम्मे दहाव्या दिवशी आणि निम्मे चाळिसाव्या दिवशी दिले तर? आणि पैसे दिल्याच्या तारखेचा रकाना अजून रिकामाच असेल तर?

आपली नम्र,
एक निवृत्त संगणक विभागप्रमुख, कऱ्हाड
(नाव-पत्ता आपल्याकडे कळवला आहे, कृपया छापू नये.)